दोन इग्वाना एकत्र ठेवावेत का? निर्णयापासून रोजच्या देखरेखीपर्यंत

हिरवा इग्वाना, म्हणजे झाडांवर राहणारा मोठा सरडा, पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी हा विचार येतोच: दिवसभर एकटाच फांदीवर पडून असतो, कंटाळत असेल, जोडीला एक आणूया. हेतू चांगला असतो, पण ही गरज आपली असते. पूर्ण वाढलेल्या इग्वानाला सोबत नसली तर काही बिघडत नाही. त्याला लागते ऊब, उंची, अतिनील किरण, भरपूर पाला आणि कुणी हिसकावून घेणार नाही अशी जागा. म्हणून उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो: एका पिंजऱ्यात एकच इग्वाना. बहुतेक घरांसाठी हेच बरोबर आहे.

तरीही काही जणांकडे दोन इग्वाना आधीच असतात. कुणी सोडून दिलेला इग्वाना घरी येतो, कुणी लहानपणी जोडी आणलेली असते आणि आता ती मोठी झालेली असते. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे, आणि हे वाचूनही ज्यांना प्रयत्न करायचाच आहे त्यांच्यासाठी.

गोंधळ होतो तो पिल्लांमुळे

विक्रीसाठी ठेवलेल्या टाकीत हिरवीगार पिल्लं एकमेकांवर रेलून बसलेली दिसतात आणि हा प्राणी कळपाने राहणारा आहे असा समज होतो. पिल्लांपुरता तो अगदीच खोटा नाही. पनामात बारो कोलोरॅडो बेटाजवळ स्लोथिया नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथे माद्या अंडी घालायला जमतात. गॉर्डन बर्गहार्ट, हॅरी ग्रीन आणि स्टॅनली रँड या संशोधकांनी तिथल्या पिल्लांवर १९७७ साली लिहिलं. पिल्लं गटागटाने बाहेर येतात, आधी बिळाच्या तोंडाशी डोकं काढून अंदाज घेतात आणि मग एकमेकांच्या मागोमाग बेट सोडतात, असं त्यांना दिसलं होतं. वेनेझुएलात हेसुस रिवास आणि लुईस लेविन यांना तर धोका जाणवताच नर पिल्लं मादी पिल्लांना अंगाखाली झाकतात असं आढळलं. पाला पचवायला लागणारे सूक्ष्मजीवही पिल्लांना मोठ्यांच्या विष्ठेतून मिळतात, हे कॅथरीन ट्रॉयर यांनी १९८२ मध्ये दाखवलं. बालपणी सोबत खरोखर कामाची आहे.

वय वाढतं तसं हे चित्र पालटतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी इग्वाना वयात येतो आणि मोठे नर झाडांचे चांगले भाग आपल्या ताब्यात ठेवू लागतात. त्या भागात माद्या चालतात, दुसरा मोठा नर चालत नाही. लहान नर कडेकडेने राहतात, काही तर माद्यांसारखे वागून वेळ निभावतात. एवढी चढाओढ असूनही जंगलात जिवावर बेतणाऱ्या मारामाऱ्या कमी होतात, कारण हरलेला इग्वाना निघून जातो. दुसरं झाड असतं, दुसरी फांदी असते. पिंजऱ्यात निघून जायला वाटच नसते, आणि एकत्र ठेवण्यातल्या जवळपास सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून उगवतात.

मारामारी दिसते, दडपण दिसत नाही

लोक मारामारीला घाबरतात. मारामारी निदान दिसते तरी. जास्त नुकसान होतं ते गुपचूप, महिनोन्महिने, एकही चावा न घेता.

दोघांतला एक वरचढ ठरतो. तो दिव्याखालची सर्वात उंच आणि उबदार जागा धरतो. दुसरा खाली, कडेला, थंड बाजूला सरकतो. इग्वानाचा आहार म्हणजे पाला, आणि तो आतड्यात आंबूनच पचतो. त्यासाठी शरीर तापलेलं असावं लागतं. ऊब कमी मिळाली की पचन मंदावतं, भूक मरते. यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) कमी पडलं की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडू लागतात. ताटलीत कॅल्शियमची पूड असते, वर दिवाही नवा असतो, तरी एका प्राण्याचा जबडा सुजतो आणि पायांना कंप सुटतो. मालक म्हणतो, "दुसरा तर ठणठणीत आहे." दुसरा ठणठणीत आहे, कारण पहिल्याच्या वाट्याचं ऊनही तोच खातोय.

पिल्लांमध्येही हे होतं. वरचढ पिल्लं उबदार जागा अडवतात आणि वेगाने वाढतात, बाकीची मागे पडतात. एकाच वेळी आणलेल्या दोन पिल्लांमध्ये सहा महिन्यांनी एक दुप्पट दिसू लागलं, तर ते केवळ "याचा बांधाच लहान" म्हणून सोडून देऊ नये.

आता त्या लाडक्या फोटोबद्दल. एक इग्वाना दुसऱ्याच्या पाठीवर पसरून झोपलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "किती प्रेम आहे यांच्यात!" बहुतेक वेळा वरचा खालच्याचं ऊन आणि किरण अडवत असतो. जागा एकच असेल तर ती मिळवण्याचा हा सर्वात शांत मार्ग आहे. डोळे मिटून बसण्याचंही तसंच. दुसरा जवळ येताच जो इग्वाना डोळे मिटून घेतो, तो निवांत नसतो; त्याला हे सगळं नकोसं झालेलं असतं.

पायरी १: आपल्याकडे नक्की कोण आहे, ते ठरवा

नर की मादी हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिल्लांमध्ये नुसतं बघून ते सांगता येत नाही, विकणारा कितीही छातीठोकपणे सांगत असला तरी. वयात येऊ लागल्यावर मांडीच्या आतल्या बाजूला ठिपक्यांची एक रांग दिसते. नरात हे ठिपके मोठे आणि उठावदार होतात, त्यांतून मेणासारखा स्राव बाहेर आलेला दिसतो. मादीत ते बारीकच राहतात. नराच्या शेपटीच्या बुडाशी, मलद्वाराच्या लगेच मागे, दोन फुगवटे असतात. गालफडं जड, डोकं रुंद, पाठीवरचे काटे उंच, गळ्याखालची झालर मोठी, ही नराची आणखी लक्षणं. पण धडधाकट मादीही कधी कधी फसवते. शंका असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून खात्री करून घ्या.

मग जोडी कोणती, यावर निर्णय बराचसा ठरतो.

दोन नर: नाही. इथे "माझे वेगळे आहेत" हा युक्तिवाद पहिल्या प्रजनन हंगामापर्यंतच टिकतो. दोघे सख्खे भाऊ असले तरी फरक पडत नाही.

नर आणि मादी: सर्वांना हीच जोडी स्वाभाविक वाटते आणि मला हीच सर्वात जास्त खटकते. मीलनाच्या वेळी नर मादीची मान दातांत धरतो. जंगलात तिला दूर जाता येतं, पिंजऱ्यात तो दिवसामागून दिवस तिच्या मागे असतो. मानेवरच्या जखमा पुन्हा पुन्हा उघडतात, ती खायचं सोडते. वर अंडी. एका वेळी २० ते ७० अंडी शरीरात घडवायला तिच्या हाडांमधलं कॅल्शियम खर्ची पडतं. ती सगळी पिल्लं कुठे जाणार हा प्रश्न वेगळाच. प्रजनन करायचं नसेल तर ही जोडी एका पिंजऱ्यात नको.

दोन माद्या: एकत्र ठेवण्याची थोडीफार शक्यता असलेली ही एकच जोडी. दोघी सारख्या आकाराच्या, पूर्ण वाढलेल्या, निरोगी आणि स्वभावाने शांत असतील, तरच. माद्याही हद्द राखतात, अंडी घालायच्या जागेवरून तर त्यांची चांगलीच जुंपते. स्लोथियावरही माद्या बिळांसाठी एकमेकींना हुसकावत असल्याचं दिसलं आहे.

दोन पिल्लं: तात्पुरती ठेवता येतात, पण मोठेपणीच्या दोन पिंजऱ्यांची तयारी आत्तापासून असेल तर. त्यातलं निदान एक नर निघण्याची शक्यता गृहीत धरा.

मोठा आणि लहान: नाही. मोठ्याने चावा न घेता नुसती शेपटी हाणली तरी पिल्लाचं हाड मोडू शकतं. आणि इग्वानाबरोबर दुसऱ्या जातीचा सरडा, कासव किंवा साप? तेही नाही. तापमान, आर्द्रता, आहार जुळत नाहीत आणि एकाच्या पोटात निरुपद्रवी असलेले जंतू दुसऱ्याला आजारी पाडतात.

पायरी २: आधी दुसरा पिंजरा, मग दुसरा इग्वाना

माझ्या दृष्टीने या लेखातली ही सर्वात महत्त्वाची अट आहे. दुसऱ्या इग्वानासाठी दिवे, फांद्या, थर्मोस्टॅट यांसकट पूर्ण, चालू स्थितीतला स्वतंत्र पिंजरा तयार नसेल तर एकत्र ठेवण्याचा विचार इथेच थांबवा. हा पिंजरा "लागला तर बघू" म्हणून कागदावर नको. भांडण रविवारी रात्री होतं, आणि त्या रात्री कपड्यांच्या टोपलीत ठेवलेल्या जखमी इग्वानाला ऊब मिळत नाही.

दोघांनाही आपापला पिंजरा मिळाल्यावर अनेकांना जाणवतं की आता एकत्र ठेवायचं काही कारणच उरलं नाही. तसं वाटलं तर उत्तमच.

पायरी ३: एकत्र राहण्याची जागा बांधणं

पूर्ण वाढलेला इग्वाना शेपटीसकट दीड मीटरच्या पुढे जातो, काही २ मीटरपर्यंत पोचतात. एका प्रौढासाठी साधारण २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच जागा हा किमान हिशेब धरतात. दोन माद्यांसाठी याच्या दुप्पट जागा हवी. शक्य असेल तर अख्खी खोलीच द्यावी. पण नुसत्या आकाराने भागत नाही. मोठ्या पिंजऱ्यात एकच चांगली जागा असेल तर तो पिंजरा प्रत्यक्षात एकाचाच असतो.

उंचीपासून सुरुवात करा. इग्वानांच्या जगात सर्वात वरची फांदी म्हणजे मानाची जागा. एकच सर्वोच्च फांदी ठेवलीत तर दोघींमध्ये कोण मोठी हे तुम्हीच ठरवून दिलंत. म्हणून पिंजऱ्याच्या दोन टोकांना, एकाच उंचीवर, दोन फळ्या बसवा. प्रत्येक फळी इतकी रुंद आणि लांब हवी की नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत सगळं अंग तिच्यावर मावेल. प्रत्येक फळीवर उबेचा वेगळा दिवा आणि यूव्हीबीची वेगळी नळी. फळीच्या पृष्ठभागाचं तापमान ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, थंड बाजूचं २६ ते २८, आणि रात्री २३ च्या खाली नको. आर्द्रता ६० ते ८० टक्क्यांच्या आसपास. तापमान दोन्ही फळ्यांवर स्वतंत्रपणे मोजा, कारण दोन सारखे दिवेही सारखी ऊब देतीलच असं नाही आणि दोन-तीन अंशांच्या फरकावरून दोघी एकाच फळीवर गर्दी करतात.

यूव्हीबी नळीचा उजेड डोळ्यांना दिसत राहतो, पण तिचे उपयोगी किरण हळूहळू कमी होत जातात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे ६ ते १२ महिन्यांत, ती बदला. साध्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, त्यामुळे खिडकीतल्या उन्हावर भिस्त ठेवू नका.

नजर अडवणं हे दुसरं मोठं काम. दोन फळ्यांच्या मध्ये अपारदर्शक फळकुट, सालीचा मोठा तुकडा किंवा दाट पानांची बिनविषारी झाडं अशी ठेवा की एका फळीवरून दुसरी दिसणार नाही. इग्वाना नुसत्या दिसण्यानेही दबाव आणतो. मान हलवायची, झालर पसरायची, की समोरची फळी सोडून जाते. काचेच्या भिंतींमध्ये स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी इग्वाना त्याच्यावर धावून जातो. अशा भिंतींना बाहेरून कागद किंवा पडदा लावा.

वाटा मोकळ्या ठेवा. प्रत्येक फळीवर चढायला आणि उतरायला दोन स्वतंत्र फांद्या असाव्यात. आंधळी गल्ली करू नका, नाहीतर पाठलाग तिथेच संपतो आणि चावा तिथेच बसतो. लपायच्या जागेलाही दोन तोंडं हवीत.

खाण्याच्या ताटल्या दोन, निरनिराळ्या उंचीवर, एकमेकींच्या नजरेआड. पाण्याचे टब दोन. दोघींनाही रोज सकाळी, अंग तापल्यानंतर, एकाच वेळी खायला द्या. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे: कॅल्शियम भरपूर असलेला हिरवा पाला मुख्य, सोबत जास्वंदीची पानं-फुलं, भोपळावर्गातल्या भाज्या, फळ थोडंसंच. पालकासारख्या, ऑक्झॅलेट (कॅल्शियम शोषू न देणारा घटक) जास्त असलेल्या भाज्यांवर भर नको. मांस, अंडी, किडे अजिबात नकोत.

पायरी ४: नव्याला ९० दिवस वेगळं

नवा इग्वाना कितीही तरतरीत दिसला तरी पहिले ९० दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. भांडी, चिमटे, टॉवेल वेगळे. आधी जुन्याचं सगळं उरकून मग नव्याकडे जायचं, उलट कधीच नाही. तळाला साधा कागद अंथरा, म्हणजे विष्ठा नीट पाहता येते आणि माइट्स (कातडीवरचे बारीक परजीवी कीटक) असतील तर तेही दिसतात. डोळ्यांभोवती, बगलेत, मलद्वाराजवळ लालसर-केशरी ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स. या काळात ताज्या विष्ठेची तपासणी दोन-तीनदा करून घ्या. एकदा काही सापडलं नाही म्हणजे पोट स्वच्छ आहे असं नसतं. वजनही लिहून ठेवायला इथूनच सुरुवात करा, पुढे याच नोंदी कामाला येतात.

माणसांना आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही असू शकतो. प्राण्याला किंवा पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर ही काळजी दुप्पट.

पायरी ५: ओळख, घाई न करता

प्रजनन हंगामात ओळख करून देऊ नका. एकीच्या पोटात अंडी असली तरी थांबा.

आधी वास. एकीच्या पिंजऱ्यातली फांदी किंवा कापड दुसरीकडे ठेवा आणि बघा. इग्वाना जिभेने वास चाखतो. मांडीवरच्या छिद्रांतला स्रावही फांद्यांना लागलेला असतो आणि कोण इथे राहतं हे त्यातून समजतं. थोडी चाटाचाटी करून दुर्लक्ष केलं तर ठीक. रंग काळवंडला, खाणं थांबलं, फांदीवरच हल्ला झाला, तर प्राण्याने आपलं मत सांगितलेलं आहे.

काही आठवड्यांनी नजरानजर. दोन पिंजरे जाळीच्या बाजूने समोरासमोर, पण मध्ये हातभर अंतर. जाळीला जाळी चिकटवली तर बोटं आणि शेपटीची टोकं जातात. सुरुवातीला काही मिनिटं, नंतर पडदा. हळूहळू वेळ वाढवा.

मग तटस्थ जागा. दोघींपैकी कुणाचीच नसलेली खोली, उबदार, पोटभर खाणं झाल्यानंतरची वेळ. शक्यतो दोन माणसं असावीत, प्रत्येकाच्या हातात जाड टॉवेल. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. काही घडलं नाही तरी तिथेच थांबवा. चांगलं चाललंय म्हणून ताणू नये. अशा शांत भेटी बऱ्याच वेळा झाल्या की दोघींना एकाच वेळी नव्या पिंजऱ्यात सोडा. पिंजरा जुनाच असेल तर आधी तो पूर्ण धुऊन फांद्या-फळ्यांची मांडणी बदला, नाहीतर नवीला दुसऱ्याच्या घरात सोडल्यासारखं होतं. पहिले काही आठवडे रात्री आणि तुम्ही घरी नसताना दोघींना वेगळं ठेवा.

इशारे वाचायला शिका

संथ, ठसठशीत मान डोलावणं म्हणजे "मी इथे आहे". ते रोज दिसेल, त्यात काळजी नाही. मान झटक्याझटक्याने, थरथरल्यासारखी हलू लागली की तो इशारा. त्यापुढची पायरी म्हणजे अंग दोन्ही बाजूंनी चपटं करून, पायांवर उंच होऊन, समोरच्याला आपली बाजू दाखवत तिरपं चालणं. झालर पूर्ण ताणलेली, पाठीचे काटे उभे, शेपटीच्या टोकाला वळवळ. तोंड उघडलं की तुमच्याकडे फार वेळ नाही. शेपटीचा फटका चामड्याच्या पट्ट्यासारखा बसतो आणि दात करवतीसारखे दातेरी असतात.

दबलेल्या बाजूची भाषा याहून मंद असते. कायम तपकिरी-काळपट रंग, जमिनीवर बसून राहणं, दुसरी हलली की हलणं, ती खाऊन गेल्यावरच ताटलीकडे जाणं, नाक जाळीवर घासणं, कात नीट न सुटणं. यातलं एकेक लक्षण आजाराचंही असू शकतं, म्हणून पशुवैद्याला दाखवाच, पण प्राणी घेऊन जाताना "पिंजऱ्यात दुसराही आहे" हे सांगायला विसरू नका.

डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, दोघींचं वजन घ्या आणि लिहा. वाढत्या वयात एकीचं वजन वाढतंय आणि दुसरीचं थांबलंय, किंवा प्रौढपणी कुणाचंही वजन १० टक्क्यांनी उतरलंय, तर वेगळं करा. कारण नंतर शोधा. कधी कधी तासाभरासाठी फोनचा कॅमेरा लावून खोलीबाहेर जा. माणूस समोर असताना दबलेली मादीही धीट होते, आणि खरं चित्र तुम्ही नसताना दिसतं.

प्रजनन हंगाम आणि अंडी

वर्षातून एकदा येणारा हा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालतो. नराचा रंग केशरी होऊ लागतो, खाणं कमी होतं, चिडचिड वाढते. अकरा महिने एकमेकांकडे बघतही नसलेले प्राणी या काळात एकमेकांच्या जिवावर उठू शकतात, म्हणून हंगामाची चाहूल लागताच वेगळं करणं हा नियमच समजा. खच्चीकरण केल्याने वयात आलेल्या नराचा आक्रमकपणा जाईलच अशी हमी नाही.

नर नसला तरी मादी अंडी घालते. ती फलित नसतात, पण शरीरावरचा ताण तोच. पोट फुगतं, भूक जाते आणि ती अस्वस्थपणे खणू लागते. तिला ओलसर माती-वाळूने भरलेली, आत वळता येईल एवढी मोठी आणि किमान फूटभर खोल पेटी हवी, आणि ती एकटीला हवी. दुसरी मादी आसपास असेल तर खणणं अर्धवट राहतं, अंडी अडकण्याचा धोका वाढतो. निस्तेज पडली, जोर लावते पण अंडी येत नाहीत, पाय थरथरतात, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रजनन नको असेल तर मादीची अंडाशयं काढण्याबद्दल तिच्या तरुणपणीच पशुवैद्यांशी बोला.

भांडण झालंच तर

उघडा हात मध्ये घालू नका. जाड टॉवेल दोघांवर टाका, अंधार झाला की पकड बहुधा सैलावते. मग मध्ये फळी सरकवा. दातांत धरलेला भाग ओढून सोडवू नका, मांस फाटतं. शेपटी धरून उचलू नका, ती तुटून हातात येते. तुटलेली शेपटी पुन्हा वाढते खरी, पण आखूड, गडद आणि वेगळ्या पोताची. वय वाढलेल्या प्राण्यात तेवढीही वाढत नाही.

जखम सलाइनने धुवा, मग पाण्यात फिकट होईपर्यंत पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. वेदनाशामक असलेलं माणसांचं मलम किंवा गोळी देऊ नका. कागद अंथरलेल्या, उबदार, एकट्याच्या पिंजऱ्यात ठेवा आणि एका दिवसाच्या आत पशुवैद्याला दाखवा, चावा लहान दिसत असला तरी. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये पू पातळ होऊन वाहून जात नाही, तो आत घट्ट गोळा होऊन बसतो आणि मग शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

आणि हो, रक्त निघालेलं भांडण झाल्यावर "आता हिशेब मिटला असेल" म्हणून पुन्हा एकत्र सोडायचं नाही. हंगाम संपल्यावरही नाही.

आधीच एकत्र आहेत, काय करावं कळत नाही?

मग भांडणाची वाट बघू नका. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, सारख्या सोयींसह, सहा ते आठ आठवडे ठेवा. दोघांचं वजन, खाणं, रंग आणि दिवसाचा किती वेळ दिव्याखाली घालवतात हे टिपा. लहानखुरा, "लाजाळू" म्हणून ओळखला जाणारा इग्वाना या काळात हिरवा होऊ लागला, वरच्या फांदीवर पसरून झोपू लागला, ताटली रिकामी करू लागला, तर एकत्र राहणं त्याला किती महागात पडत होतं ते कळलंच. दोघांतही काहीच फरक पडला नाही, आणि दोघी माद्या असतील, तर हळूहळू पुन्हा ओळख करून द्यायला हरकत नाही. एकमेकांची आठवण येऊन खाणं सुटेल ही भीती मात्र मनातून काढून टाका. पहिले काही दिवस खाणं कमी होतं ते जागा बदलल्यामुळे.

दोघांना कायमचं वेगळं ठेवणं जमणार नसेल तर एकाला जाणत्या पाळणाऱ्याकडे किंवा सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे द्या. हिरवा इग्वाना साइट्सच्या (वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि पाळण्याचे, देण्याघेण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. ते आधी तपासा. बाहेर सोडून देणं हा पर्याय नाही. थंड हवेत तो मरतो आणि उबदार हवेत पसरतो. फ्लोरिडा आणि पोर्तो रिकोमध्ये पाळीव म्हणून आलेल्या इग्वानांची आज रानटी वस्ती आहे, आणि फ्लोरिडाने २०२१ मध्ये हा प्राणी प्रतिबंधित जातींच्या यादीत टाकला.

दोन्ही घरातच ठेवायचे आणि वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, असं ठरलं तर पिंजऱ्यांची तोंडं एकमेकांसमोर नकोत. दोन नर असतील तर शक्यतो खोल्याच वेगळ्या. खोलीत मोकळं सोडायचं असेल तर एकाला सकाळी, दुसऱ्याला दुपारी, आणि मधल्या वेळात बसायच्या जागा पुसून घ्या, कारण आधीचा तिथे आपला वास सोडून गेलेला असतो. हंगामात पुसूनही भागलं नाही, तर तेवढे आठवडे त्या खोलीत एकालाच जाऊ द्या आणि दुसऱ्याची फिरायची जागा दुसरीकडे करा.